पालीचे कंचेभागुबेव

पालीत क्रमाला फार किंमत आहे. परक्या माणसाला हे गाव पहिला धडा देते तो क्रमाचाच. बल्लाळेश्वराला आलात, तर आधी मागच्या बाजूच्या धुंडीविनायकाचे दर्शन घ्यायचे आणि मग पुढे यायचे. कारण कथेतच आहे. कल्याण शेठजींचा मुलगा बल्लाळ सवंगड्यांना घेऊन रानात जायचा आणि दगडाचा गणपती मांडून दिवसभर पूजेत रमायचा. पोरे वेळेवर घरी येईनात, तसे गावातले आईबाप शेठजींच्या दारात जमले. शेठजींनी संतापून पूजा मोडली, देव भिरकावून दिला आणि मुलाला झाडाला बांधून ठेवले. भिरकावलेला तो धुंडीविनायक आणि बांधलेल्या मुलाच्या हाकेला धावून आला तो बल्लाळेश्वर. ज्याचा अपमान आधी झाला, त्याला नमस्कारही आधी. असा चोख हिशेब माणसांच्या बाबतीत पाळला असता, तर निम्मी लग्ने रुसव्याशिवाय पार पडली असती.

अशा शिस्तीच्या गावात सहावी-सातवीतल्या पोरांना २ + ३ × ४ विचारा. निम्मा वर्ग वीस म्हणतो, निम्मा चौदा म्हणतो आणि मागच्या बाकावरचा एक जण ‘सर, कंस आहे का?’ असे विचारून वेळ काढतो. हा तिसरा पुढे वकील होतो.

उत्तर चौदा. कारण कंचेभागुबेव. मराठी शाळेत शिकलेला माणूस एकोणतीसचा पाढा विसरेल, तहाची कलमे विसरेल, पण कंचेभागुबेव विसरणार नाही. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी, या क्रमाने पदावली सोडवायची. ऐकायला मात्र हे खाडीपलीकडचे एखादे गाव वाटते. ‘आमची धाकटी आत्या कंचेभागुबेवला दिलीय, तिकडे एसटी दिवसातून एकदाच जाते’ असे कोणी म्हणाले, तर मान डोलावून आपण पुढच्या विषयावर जाऊ.

हा नियम पोरांना छळण्यासाठी काढला आहे, असे वाटत असेल तर देवळाबाहेरच्या प्रसादाच्या दुकानात जरा उभे राहावे. दोन नारळ, बेसनाच्या लाडवांचे तीन पुडे आणि नेहमीचे गिऱ्हाईक म्हणून वीस रुपये सूट. नारळ चाळीसला, पुडा साठला धरू. आमचा ठाण्याचा चुलतभाऊ कंप्युटरमधला. त्याने दुकानातला मोठ्या बटणांचा कॅल्क्युलेटर पुढे ओढला आणि जसे बोलतो तसे दाबत गेला: दोन गुणिले चाळीस, अधिक तीन, गुणिले साठ, वजा वीस. उत्तर आले चार हजार नऊशे साठ. भाऊ नारळाकडे पाहायला लागला. वहिनी भावाकडे पाहायला लागल्या.

दुकानदार काकांनी कॅल्क्युलेटर शांतपणे आपल्याकडे फिरवला. दोन गुणिले चाळीस, एम प्लस. तीन गुणिले साठ, एम प्लस. वीस, एम मायनस. मग एमआर. दोनशे चाळीस. ‘द्या,’ काका म्हणाले.

दुकानातला साधा कॅल्क्युलेटर हाती येईल ते करत सुटतो. २ × ४० म्हटले की ऐंशी, त्यात तीन म्हटले की त्र्याऐंशी, त्याला साठने गुणा म्हटले की गुणून मोकळा. पुढे काय येणार आहे ते त्याला ठाऊक नसते आणि मागे जे झाले ते बदलायची त्याची तयारी नसते. घरातही अशी माणसे असतात. कॅल्क्युलेटर निदान बंद करता येतो. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर मात्र शाळा शिकलेला असतो. तो गुणाकार आधी उरकतो आणि दोनशे चाळीस सांगतो. एम प्लसचे बटण म्हणजे ज्याला कंस परवडत नाही त्याचा कंस.

खरे गमक मात्र त्या त्र्याऐंशीत आहे. ऐंशी रुपयांत तीन पुडे मिळवले तर येणारे त्र्याऐंशी कशाचे? रुपयांचे म्हणावे तर त्यात पुडे आहेत, पुड्यांचे म्हणावे तर वहिनींना विचारा. बेरीज फक्त एका जातीच्या गोष्टींची होते. तेव्हा आधी नारळांचे रुपये करा, पुड्यांचे रुपये करा आणि मग रुपयांत रुपये मिळवा. गुणाकार आधी करायचा तो एवढ्यासाठी. हे काकांना कोणी शिकवले नाही. चुकीच्या क्रमाने त्र्याऐंशीवर थांबलेला दुकानदार संध्याकाळपर्यंत दुकानदार राहत नाही.

हाच धंदा बीजगणितात मांडला की नारळ ‘न’ होतात, पुडे ‘प’ होतात आणि दिवसभराची सगळी गिऱ्हाइके एका ओळीत मावतात: ४०न + ६०प − २०. इथे ४० आणि न यांच्यात चिन्ह दिसत नाही, पण दोघे शेजारी उभे आहेत म्हणजे त्यांच्यात गुणाकार आहे असे समजायचे. गावाला हे नवे नाही. एसटी स्टँडवर मुलगा आणि मुलगी शेजारी उभी दिसली, तरी गाव मधले चिन्ह स्वतः घालून घेते. पोरांची अडचण पुढे येते. न = ३ ठेवून किंमत काढा म्हटले की काही पोरे ४० च्या शेजारी ३ चिकटवतात आणि नारळाचे चारशे तीन रुपये लावतात. उत्सवाच्या गर्दीत कोणी एवढा भाव लावला, तर त्याला सूत्रात किंमत ठेवता येत नव्हती असे समजून क्षमा करावी.

आता ‘चे’. या अक्षराला लोक फार हलके धरतात. खरे तर सगळ्या कंचेभागुबेवमध्ये कोकणाला सर्वांत जवळचे अक्षर हेच. २४ ÷ १/२ × ४ सोडवा. चोवीस भागिले अर्धा म्हणजे अठ्ठेचाळीस, गुणिले चार म्हणजे एकशे ब्याण्णव. आता २४ ÷ १/२ चे ४ सोडवा. ‘चे’ आधी: चाराचे अर्धे दोन. चोवीस भागिले दोन, बारा. आकडे तेच, जागा तीच; गुणाकाराऐवजी ‘चे’ आला आणि एकशे ब्याण्णवाचे बारा झाले. ‘आजोबांच्या हिश्श्याच्या निम्म्याचा तिसरा भाग’ असली वाक्ये ज्या सातबाऱ्यांभोवती फिरतात, तिथे भाऊबंदकीचे दावे पिढ्यान्‌पिढ्या का चालतात, ते यावरून कळावे. एक भाऊ ‘चे’ने सोडवतो, दुसरा गुणाकाराने आणि वकील दोघांचे शुल्क बेरजेने.

जगाने २०१९ मध्ये ज्यावर डोके आपटले ते कोडेही मुळात या ‘चे’चेच होते. ८ ÷ २(२ + २) किती? हे कोडे समाजमाध्यमांवर पसरले आणि मानवजातीचे दोन तुकडे झाले. कंसातले चार झाले, इथवर एकमत. मग डावीकडून जाणारे म्हणाले, आठ भागिले दोन चार, चार चोक सोळा. उरलेले म्हणाले, तो दोन कंसाला चिकटून उभा आहे, त्याला कंसापासून तोडायचे नाही. दोन चोक आठ आणि आठ भागिले आठ एक. म्हणजे कंसाला चिकटलेल्या दोनाला गुणाकार म्हणायचे की ‘चे’ म्हणायचे, एवढाच वाद. आमच्या घरच्या ग्रुपवर मामा सोळावर आणि काकू एकवर ठाम राहिल्या. आत्यांनी दोघांना हात जोडलेले चित्र पाठवले. शेवटी मामांनी दुसऱ्या दिवसाचा ‘शुभ सकाळ’ टाकला नाही, तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे सर्वांच्या लक्षात आले.

कॅल्क्युलेटरला विचारावे, तर तिथेही भाऊबंदकी. काही सायंटिफिक कॅल्क्युलेटर चिकटलेल्या आकड्याला मान देऊन एक सांगतात, काही सोळा. गणितज्ञांचा निवाडा दोन्ही बाजूंची निराशा करणारा आहे: प्रश्नच वाईट लिहिला आहे. दोष त्या ÷ चिन्हाकडेही जातो. योहान रान नावाच्या स्विस गृहस्थाने ते भागाकारासाठी १६५९ मध्ये छापले, तेव्हापासून शाळेतली पोरे आणि कॅल्क्युलेटरची बटणे ते इमानाने वागवताहेत. मोठे गणिती मात्र ते कधीच सोडून आडवी रेघ मारायला लागले. वरचे सगळे वर, खालचे सगळे खाली. रेघ स्वतःच कंसाचे काम करते. बांधावर कुंपण घातले की मोजणी मागवावी लागत नाही.

कंचेभागुबेव जसेच्या तसे घोकणाऱ्यांना एक खाचही माहीत हवी. त्यात ‘भा’ आधी आणि ‘गु’ नंतर आहे, म्हणून पोरे भागाकार हटकून आधी करतात. खरा नियम असा की भागाकार आणि गुणाकार एकाच पंक्तीत बसतात आणि डावीकडून जो आधी येईल त्याला आधी वाढायचे. पण गंमत अशी, की भागाकार नेहमीच आधी केला तरी बिघडत नाही. १२ × ६ ÷ ३ डावीकडून सोडवा, चोवीस. भागाकार आधी करा, बारा दुणे चोवीस. आपल्या गुरुजींच्या घोकंपट्टीला असे नकळत संरक्षण आहे. ते संपते ‘बेव’पाशी. बेरीज आणि वजाबाकीही एकाच पंक्तीतल्या, पण ‘बे’ आधी म्हणून १० − ४ + ३ मध्ये कोणी बेरीज आधी केली, तर दहातून सात जाऊन तीन उरतात. खरे उत्तर नऊ. उधारीच्या वहीत असे सहा रुपये इकडचे तिकडे झाले, तर ते दोन माणसांना आयुष्यभर पुरतात.

न्यू जर्सीत वाढणाऱ्या आमच्या भाच्याची अवस्था याहून अवघड. त्याच्याकडे कंचेभागुबेव नाही, पेमडास आहे आणि त्यात गुणाकार भागाकाराच्या आधी येतो. पाठ राहावे म्हणून तिकडची पोरे एका सॅली आत्याला क्षमा करा असे वाक्य म्हणतात. तिकडे गणित सुरू करताना आत्यासाठी क्षमा मागावी लागते. आपल्याकडे लग्न सुरू करताना. पण गुणाकार हटकून आधी केला तर २४ ÷ ६ × २ चे आठाऐवजी दोन होतात. म्हणजे घोकलेला क्रम शब्दशः पाळला, तर भाचा दोन ठिकाणी बुडतो आणि पालीतला त्याचा मामेभाऊ एकाच ठिकाणी. एवढ्यावर घरच्यांनी मराठी माध्यमाचा विजय साजरा केला.

घातांकाला तर कंचेभागुबेवमध्ये जागाच नाही. तो नंतर वरच्या वर्गात येतो आणि उशिरा आलेल्या जावयाप्रमाणे थेट पुढच्या पाटावर बसतो: कंसानंतर लगेच, गुणाकाराच्याही आधी. ३क्ष² मध्ये क्ष = ५ ठेवले तर आधी पंचवीस आणि मग तिप्पट, पंचाहत्तर. आधी पंधरा करून वर्ग केला की दोनशे पंचवीस. आणि क्ष ऋण असला की शहाण्यांचेही पाय घसरतात. −३² म्हणजे आधी तीनाचा वर्ग, मग ऋण, वजा नऊ. (−३)² म्हणजे अधिक नऊ. एक्सेलला −३² विचारले तर मात्र तो अधिक नऊ सांगतो, कारण त्याच्या घरी ऋण चिन्हाला वर्गाच्याही आधीचा मान आहे. प्रत्येक घराची रीत वेगळी. सून म्हणून जाणाऱ्या आकड्याने आधी चौकशी करावी. म्हणून किंमत ठेवताना ऋण संख्येला कंसात घालूनच आत न्यावे, हा शिकवणीच्या बाईंचा सल्ला सोळा आणे खरा. ३क्ष² − क्ष मध्ये क्ष = −२ असेल तर ३ × (−२)² − (−२), म्हणजे बारा अधिक दोन, चौदा.

कंसाबाहेर वजा असेल तर आतल्या प्रत्येकाचे चिन्ह बदलते, हेही बाईंना तीनतीनदा सांगावे लागते. खरे तर हे शिकवायची गरज नसावी. आजोबा रागावून उंबऱ्याबाहेर उभे असले, की माजघरात हसणारे सगळे गप्प होतात आणि मघापासून गप्प असलेली आजी बोलायला लागते.

माघी उत्सवाच्या रांगेत कंसाचे सर्वांत जिवंत दर्शन घडते. तुमच्या पुढे एकच मावशी उभ्या असतात. सात्त्विक चेहरा, हातात दुर्वा. तुम्ही मनाशी म्हणता, झाले, पुढे एक पद. गाभारा जवळ येतो आणि मावशी मागे वळून हात करतात. कंस उघडतो. आतून दोन मुलगे, दोन सुना, नातवंडे, सुनेची बहीण, बहिणीची मैत्रीण आणि गाडीचा ड्रायव्हर अशी पदे बाहेर पडतात. आक्षेप घ्यावा तर मावशी म्हणतात, ‘अहो, हे सगळे माझ्यातच आहेत.’ गणिताच्या दृष्टीने मावशींचे काही चुकत नाही. त्यांचा कंस तुमच्या आधी उघडला होता. तुम्हाला दिसला नाही, एवढेच.

क्रमाचा सर्वांत मोठा प्रश्न मात्र पालीच्या बाहेरून येतो. अष्टविनायकांच्या यात्रेला शास्त्राने क्रम दिला आहे: मोरगाव, सिद्धटेक, पाली, महड, थेऊर, लेण्याद्री, ओझर, रांजणगाव आणि शेवटी पुन्हा मोरगाव. पाली तिसरी. पण मुंबईहून निघालेल्या गाडीला खोपोलीकडून येताना चौथे महड आधी भेटते, मग तिसरी पाली आणि पहिले मोरगाव पार पुणे जिल्ह्यात. दर वेळी मागच्या सीटवरचे कोणी तरी शास्त्र काढते आणि पुढच्या सीटवरचे कोणी तरी नकाशा काढते. यावर गणिताचे म्हणणे सोपे आहे. दर्शनाचे पुण्य बेरजेने साठते आणि निव्वळ बेरजेत पदे कोणत्याही क्रमाने घ्या, उत्तर तेच येते. डिझेल मात्र किलोमीटर गुणिले किलोमीटरमागचा खर्च. शास्त्राच्या क्रमाने पुण्य वाढत नाही, पण डिझेल वाढते. शास्त्रकार बैलगाडीने फिरत होते, हे विसरू नये.

पण सगळेच बेरजेसारखे सरळ नसते. पालीत आल्यावर उन्हेऱ्याच्या गरम कुंडात स्नान, दर्शन, सरसगड आणि जेवण ही चार कामे करायची असली, तर ती चोवीस क्रमांनी करता येतात आणि बारा जणांच्या सहलीत किमान सात क्रमांचे पुरस्कर्ते सापडतात. सरसगड चढून मग जेवणे आणि जेवून मग सरसगड चढणे यांचे उत्तर एक येत नाही. त्या उभ्या कातळातल्या पायऱ्यांवर दुपारी एक वाजता, पोटात तीन वाट्या आमटी-भात घेऊन निघालेल्या आमच्या साडूंनी हे स्वानुभवाने सिद्ध केले. तिसऱ्या टप्प्यावर बसून ते म्हणाले, ‘इथूनही दर्शन होते.’

क्रमाचा हा खेळ आपल्याकडे जुना आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० च्या सुमारास, एक सुरेख उदाहरण आहे. एक संख्या घ्या, तिची तिप्पट करा, तिच्यात तिचेच तीन चतुर्थांश मिळवा, सातने भागा, त्यातून त्याचाच तिसरा भाग काढा, वर्ग करा, बावन्न वजा करा, वर्गमूळ घ्या, आठ मिळवा, दहाने भागा. उत्तर दोन, तर मूळ संख्या कोणती? त्यात कंस नाही, अधिकचे चिन्ह नाही. सांगितले त्याच क्रमाने करायचे आणि शोधताना शेवटाकडून उलटे यायचे: भागाकाराच्या जागी गुणाकार, मिळवले त्या जागी वजा, मूळ घेतले तिथे वर्ग. दोन दाहे वीस, त्यातून आठ गेले बारा, बाराचा वर्ग एकशे चव्वेचाळीस, असे मागे मागे आले की अठ्ठावीसपाशी पोहोचता येते. नऊशे वर्षांत यावर कोणाचे भांडण झालेले नाही, कारण लिहिणाऱ्याने क्रम वाचणाऱ्याच्या अकलेवर सोडलेला नाही. चाळीसगावजवळच्या पाटण गावी भास्कराचार्यांच्या नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा शिलालेख आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना ८ ÷ २(२ + २) घातले असते, तर त्यांनी आधी घालणाऱ्याला विचारले असते, ‘आपल्याला नेमके काय म्हणायचे आहे?’

एवढा प्रश्न आपल्याला वेळेवर विचारता आला, तर बहुतेक भांडणे पदावलीतच मिटतील. क्रमाचा नियम कोणाला पास-नापास करायला केलेला नाही. लिहिणाऱ्याचे आणि वाचणाऱ्याचे उत्तर एकच यावे, म्हणून सर्वांनी मान्य केलेली ती रीत आहे. जिथे रीत सर्वांना ठाऊक आहे तिथे ती पाळा. जिथे शंका आहे तिथे, मग ते बिल असो, वाटणीपत्र असो की सहलीचा बेत असो, लिहितानाच कंस घाला. कंसाला जीएसटी लागत नाही. एकच लक्षात ठेवा: जितके उघडाल, तितके बंद करा.